प्रदर्शनापुरती गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि जुनी आहे या एकाच गुणावर मला या देशात प्रवेश मिळाला. बाकी माझ्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एक दोष मात्र आहे, तो आधीच सांगते. मला एका जागी बसवत नाही.

माझा जन्म जपानचा. पंचावन्न वर्षांपूर्वी एका लहानशा कारखान्यात मला जोडलं. माझ्यासारख्या काहीशे गाड्या काढून तो कारखाना बंद पडला. त्याचं नाव सांगत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. दोन दारं, गोल दिवे, फिकट पिवळा रंग आणि एवढंसं इंजिन, की महाडच्या रिक्षावाल्यांनी माझं बॉनेट पहिल्यांदा उघडून पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नातलग भेटल्याचा आनंद होता.

पहिली वीस वर्षं मी एका बेटावर डॉक्टरांच्या सेवेत काढली. बेटाला एकच रस्ता, समुद्राला धरून गोल. कुठूनही निघा, पाऊण तासात तुम्ही निघाल्या जागी परत. डॉक्टरांचं त्यात भागत होतं. मला मात्र प्रत्येक वळणावर वाटायचं, की आता रस्ता सरळ सुटेल. पुढे डॉक्टर वारले आणि मला एका गोदामात ठेवण्यात आलं. तिथे तीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. शिक्षा म्हणून शाळेत मुलांना असं उभं करतात म्हणे. पण त्यांना तास संपल्यावर सोडतात.

मला तिथून सोडवलं सुहासने. सुहास महाडचा, बोटीवर इंजिनिअर. त्याची बोट दुरुस्तीसाठी त्या बंदरात लागली होती. रिकामा इंजिनिअर गोदामं पाहत फिरतो, तसा तो फिरत होता. त्याने माझ्यावरची ताडपत्री उचलली, बॉनेट उघडलं आणि बाहीने इंजिनावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "चल, तुला महाडला नेतो." मला महाड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण 'चल' हा शब्द मी तीस वर्षांनी ऐकत होते.

मित्रांनो, परदेशातून वापरलेली गाडी आपल्या देशात आणणं सोपं नसतं. गाडी तीन वर्षांच्या आतली असेल, तर काही अटींवर विचार होतो. पन्नासच्या वरची असेल, तर पुरातन वस्तू म्हणून मान मिळतो. मधल्या वयाच्या गाडीने आपल्या देशात राहावं. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं. ते माझं जन्मतःच उजवीकडे होतं, त्यात माझं कर्तृत्व नाही. मी खरोखर एवढी म्हातारी आहे याचा दाखला मिळवायला आठ महिने गेले. कारखाना बंद, डॉक्टर वारलेले, आणि माझ्या तोंडच्या शब्दाला बंदरावर किंमत नव्हती. त्या आठ महिन्यांत मी इथल्या बंदराच्या शेडमध्ये उभी होते. शेजारून रोज नव्या गाड्या भराभर निघून जायच्या. मी आतल्या आत इतकी तळमळायचे, की माझ्या टाकीत पेट्रोल नव्हतं हे बरंच होतं.

शेवटी सगळे शिक्के जमले आणि एका ट्रकच्या पाठीवर बसून मी महाडला आले. सुहासची आई चंपाबाई दारात उभी होती. सत्तरी ओलांडलेली, बारीक, ताठ. तिने मला चारही बाजूंनी पाहिलं आणि लेकाला विचारलं, "एवढ्या लांबून आणलीस, ती पन वापरलेली?"

पण दुसऱ्या दिवसापासून जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन तीच मला पुसू लागली. सुहास वर्षातले आठ महिने समुद्रावर असे. माझा खरा संसार चंपाबाईशी आणि सोमाशी. सोमा हा पोलादपूरजवळच्या कापडे गावचा मेकॅनिक. माझ्या इंजिनाचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नाहीत, हे कळल्यावर तो घाबरला नाही. म्हणाला, "मिलत नाय ना? मंग कुनी चुकीचा देनार नाय." आणि त्याने भाग स्वतः घडवले.

आता मी धावणार, असं मला वाटलं. तेव्हा माझी नोंदणी झाली, वेगळ्या अक्षरांची खास पाटी मिळाली आणि त्या पाटीबरोबर नियमही मिळाला. माझ्यासारख्या पुरातन गाडीने रस्त्यावर रोजच्या वापरासाठी यायचं नाही. धंद्यासाठी तर नाहीच. यायचं ते तीन कारणांनी: पेट्रोल भरायला, दुरुस्तीला आणि प्रदर्शनाला. म्हणजे मला बाजारात जाता येत नव्हतं, पण बाजारात जाण्यासाठी लागणारं पेट्रोल आणायला जाता येत होतं.

सोमाने नियम मन लावून ऐकला आणि पाळायला घेतला. तो मला दर दोन दिवसांनी पेट्रोल भरायला नेई आणि एकच लिटर भरी. पुढे त्याला महाडचे पंप आवडेनासे झाले. तो मला थेट पोलादपूरच्या पंपावर नेऊ लागला. त्या हमरस्त्यावर मला पहिल्यांदा चौथा गिअर मिळाला, मित्रांनो. वारा काचेच्या फटीतून शीळ घालायचा आणि मला वाटायचं, पंप पुढे पुढे सरकत जावा.

पंप सरकला नाही. एके दिवशी तिथे परिवहन खात्याचे निरीक्षक उभे होते. हर्षद साहेब, वय तिशीचं, शर्टाला कडक इस्त्री.

"कुठून आलात?"

"महाडवरनं, पेट्रोल भराया," सोमा म्हणाला.

"महाडला पंप नाहीत?"

"हायत ना साहेब. पन तिथलं पेट्रोल हिला मानवत नाय. पोट बिघडतं."

हर्षद साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हसू आलं असावं, पण ते ड्यूटीवर होते. म्हणाले, "काका, ही शेवटची ताकीद. पुन्हा असं सापडलात, तर नोंदणी रद्द करावी लागेल. मग ही गाडी फक्त शेडमध्ये ठेवायची. कायमची."

'कायमची' या शब्दाने माझ्या चारही टायरांतली हवा गेल्यासारखी झाली. शेड म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं. त्या दिवसापासून सोमाने मला हलवलं नाही. चंपाबाई रोज पुसायची, पण पुसल्याने गाडीचं मन शांत होत नाही.

अशात श्रुतिकाचं लग्न ठरलं. श्रुतिका ही सुहासच्या मोठ्या भावाची, राजेंद्रची मुलगी. लग्न दिवाळीनंतर, त्यांच्या मूळ गावच्या बुद्धविहारात, संध्याकाळी साडेपाचला. सुहास रजेवर आला होता. गाव सावित्री नदीच्या काठाला आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर असं गाव एकच होतं, असा तुमचा गैरसमज होईल.

त्या गावची गोष्ट चंपाबाईने मला पुसता पुसता सांगितली. माणसं गाडीशी बोलतात. गाडी मध्येच बोलत नाही, हा तिचा मोठा गुण. चंपाबाई सोळा वर्षांची असताना नवरी होऊन त्या गावात आली. विहाराकडे, म्हणजे तेव्हाच्या वस्तीकडे, जायला सरळ रस्ता गावच्या मुख्य आळीतून होता. कायद्याने आळी सगळ्यांची होती. पण आळीच्या तोंडाशी चार माणसं उभी राहिली आणि त्यांनी बाहेरची वाट दाखवली. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसता हात केला. वरात बाहेरच्या ओढ्याकडेने गेली. चंपाबाईचं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं. बाजेवाले वाजवायचे थांबले होते.

"तवापासनं त्या आलीतनं हजारदा गेलेय," ती म्हणाली. "बाजारला गेले, दवाखान्यात गेले, मतदानाला गेले. पन नवरी म्हून नाय. माजी नात नवरी म्हून जाईल त्या आलीतनं. तुझ्यात बसून. सगल्यांनी बघायचं."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला कुठेतरी *पोचायला* सांगत होतं.

राजेंद्र तालुक्याच्या कचेरीत कारकून. आईच्या शब्दाबाहेर नाही आणि कागदावाचून श्वास घेत नाही. त्याने पत्रिकेत एक ओळ छापली: 'वधूचे आगमन परदेशी पुरातन मोटारीतून, गावच्या मुख्य आळीमार्गे.' आणि तीस वर्षांच्या नोकरीत लागलेल्या सवयीप्रमाणे तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयात एकेक पत्रिका दिली. तलाठ्याला, बँकेला, पोस्टाला. आणि हर्षद साहेबांना. स्वतः जाऊन, हात जोडून.

हर्षद साहेब दोन दिवसांनी पत्रिका घेऊन घरी आले. सगळे अंगणातच होते.

"राजेंद्रभाऊ, आमंत्रणाबद्दल आभार," ते म्हणाले. "पण गुन्ह्याची तारीख, वेळ आणि रस्ता छापून आगाऊ पाठवणारे तुम्ही पहिलेच."

राजेंद्रची बायको उज्वला नवऱ्याकडे वळली. "सांगत होते मी, मामलेदारापर्यंत ठीक आहे. ह्यांनी सोडला नाही एक माणूस!"

"सगळ्यांना द्यायची रीत आहे," राजेंद्र क्षीण आवाजात म्हणाला.

सुहास म्हणाला, "आई, मोठी पांढरी गाडी भाड्याने आणू. छान सजवू. हिची नोंदणी गेली तर पुन्हा मिळणार नाही."

"तिला आनून काय उपेग?" चंपाबाई म्हणाली. "भाड्याच्या गाड्या रोजच जातात आलीतनं. कोन मान वर करून बघतं रे? हिला बघाया मानूस ओट्यावरनं खाली उतरतो." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, ही गाडी नेता तरी कशाला येते?"

"पेट्रोल, दुरुस्ती, प्रदर्शन."

"परदर्शन म्हंजी काय?"

"लोकांनी पाहावं म्हणून मांडलेली वस्तू, आजी."

"मंग मी येगलं काय सांगतेय? लोकांनी बघावं म्हूनच न्यायची हाय."

हर्षद साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मला वाटतं, नियम त्यांना पाठ होता. पण तो असा वाचून दाखवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

ते सावकाश म्हणाले, "प्रदर्शन भरवायला जागा लागते. त्या जागेसाठी ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. वेळ, ठिकाण, शिक्का. ते असेल तर गाडी प्रदर्शनाला नेता येईल. पण नवरी बसली की ती लग्नाची गाडी झाली. ते नाही चालणार. फुलंही नकोत."

"आणि बाजा?" राजेंद्रने विचारलं.

"बाजा मोटार वाहनात मोडत नाही."

"मग मी चालते," श्रुतिका म्हणाली. ती इतका वेळ माझ्या मडगार्डला टेकून उभी होती. मुंबईत प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. तिला नमुना कुठे ठेवायचा ते बरोबर कळतं. "बाजा पुढे, मागे मी चालत, आणि माझ्या मागे गाडी. गाडीत आजी बसेल. मालकाच्या आईने बसायला काही हरकत?"

"नियमात तसं काही नाही," साहेब म्हणाले.

"गो, मी कशाला?" चंपाबाई दचकली. "मी काय नवरी हाय?"

"तू राहिलीयस ना?" श्रुतिका म्हणाली. "मी काय, आत्ता होईन."

चंपाबाईने फडकं उचललं आणि माझी आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागली. बराच वेळ पुसत होती.

आता सगळं त्या पत्रावर येऊन ठेपलं. ज्या आळीने नवरी फिरवली होती, तिनेच शिक्का मारून गाडी बोलवायची होती. पत्र मिळालं नाही तर चंपाबाईचा शब्द जाणार; पत्राशिवाय गेलो तर मी जाणार. ते चार दिवस मी कसे काढले ते माझ्या बॅटरीला विचारा.

पंचायतीत मी नव्हते. पण सोमा माझा कार्बोरेटर पुसता पुसता सगळं बोलतो. सरपंच गीताबाईंनी अर्ज वाचला. बाकावर महिपत बसले होते, पंचाहत्तरीचे, आळीतले मानकरी. ते म्हणाले, "मुख्य आलीतनंच कशाला? बाहेरनं डांबरी झालाय आता. रुंद हाय, गाडीला बरा."

तो डांबरी रस्ता त्या जुन्या ओढ्याच्या वाटेवरच झालेला आहे.

चंपाबाई म्हणाली, "त्या वाटेनं मी आलेय एकदा, महिपत. ती वाट मना ठावं हाय. तुमालाबी ठावं हाय."

महिपतांनी चष्मा काढला आणि काचा पुसत बसले. गीताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या सून म्हणून पुष्कळ नंतर आल्या होत्या. तरी त्यांनी अर्ज पुढे ओढला. शिपायाला म्हणाल्या, "शिक्का आन रे." आणि पत्रावर लिहिलं: 'पुरातन मोटारीचे प्रदर्शन. ठिकाण: मुख्य आळी. वेळ: दुपारी तीन ते पाच.'

लग्नाच्या दिवशी सोमा मला गावच्या फाट्यावर घेऊन आला. पुढे बाजा, मागे पांढऱ्या साडीत श्रुतिका आणि तिच्या मैत्रिणी, त्यांच्या मागे मी. माझ्या पुढच्या काचेला पंचायतीच्या पत्राची नक्कल चिकटवली होती. राजेंद्रने आणखी दोन नकला खिशात ठेवल्या होत्या. चंपाबाई सोमाच्या शेजारी बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पाठ सीटला न टेकवता. एस.टी.त तिकीट काढायच्या आधी बसतात तशी.

आळी चारशे पावलांची. मला पहिला गिअर अजिबात आवडत नाही, मित्रांनो. त्यात अंग गरम होतं आणि मन मागे राहतं. त्या दिवशी मात्र मी तो एखाद्या चांगल्या मुलीसारखी धरून ठेवला. दारं उघडत होती. माणसं खरोखरच ओट्यावरून खाली उतरली. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "कुनाची गो ही?" शेजारीण म्हणाली, "कुनाची म्हंजी? आपल्या चंपीची!"

महिपतांच्या दारात त्यांची मोटारसायकल रस्त्यावरच उभी होती. एका बाजूला गटार. जागा पुरणार नव्हती. बाजा थांबला. सोमाने ब्रेक लावला आणि चंपाबाईच्या हाताने सीटची कड घट्ट धरली, ते मला कळलं. महिपत ओट्यावर बसून होते. ते उठले. पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. त्यांनी मोटारसायकल स्टँडवरून काढली आणि स्वतः ढकलत अंगणात घेतली. मग नुसता हात केला. या वेळी हात सरळ, आळीच्या आतल्या दिशेने होता.

बाजेवाल्यांनी इतक्या जोरात सुरुवात केली, की माझी पाटी खडखडू लागली.

विहारापाशी पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. श्रुतिका आत गेली. मुंबईहून आलेले वऱ्हाडी चहा घेत होते. हर्षद साहेबही खुर्चीत बसले होते, साध्या कपड्यांत, हातात आहेराचं पाकीट. सोमाने खाली उतरून चंपाबाईचं दार उघडलं. ती उतरेना.

"परवानगी कवापर्यंत हाय रे सोमा?"

"पाचपर्यंत, मावशे."

"मंग दार लाव. फिरव."

आम्ही आळीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. दुसऱ्या फेरीत तिने पाठ सीटला टेकली. तिसरीत काच खाली करून हात बाहेर ठेवला. मुलं मागे पळत होती. आणखी एका फेरीनंतर माझ्या तोंडातून वाफ निघाली आणि सोमाने मला आळीच्या मधोमध उभं केलं.

"तापली, मावशे. पानी घालाया लागेल."

महिपत बादली घेऊन आले. दुसऱ्या हातात तांब्या होता. बादली त्यांनी सोमाला दिली. तांब्या कुणाला द्यायचा ते त्यांना ठाऊक होतं, पण हात तिथपर्यंत जाईना. चंपाबाईने खिडकीतून तो हात पाहिला.

"आधी गाडीला," ती म्हणाली. "ती दमलीय."

सोमाने रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं धरलं, वाफ जाऊ दिली आणि सावकाश पाणी ओतलं. आळीतलं ते थंड पाणी माझ्यात उतरत असताना आजवरची माझी सगळी तळमळ एकदा फुसफुसली आणि गप्प झाली. मग चंपाबाईने तांब्या घेतला आणि सगळा संपवला.

"पाच वाजत आले," सोमा म्हणाला.

विहाराच्या फाटकाशी हर्षद साहेब उभे राहून आमच्याकडेच पाहत होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारखे आत गेले. कुणीही हाक मारली नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी इथे सांगणं अपेक्षित आहे. घ्याच. तेल घाला, धूळ पुसा, कागद जपून ठेवा. पण ताडपत्री टाकून ठेवण्याला काळजी म्हणू नका. तशी काळजी मी तीस वर्षं भोगली आहे. तुमच्या घरात एखादी जुनी गाडी असेल, किंवा एखादं जुनं माणूस, तर त्याला विचारा, की कुठे जायचं राहिलंय. आणि न्या. कागदपत्रं लागली तर ती करा, पण न्या.

चंपाबाईने रिकामा तांब्या महिपतांच्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि समोर पाहत म्हणाली,

"चल रे. आजून एकदा."

सोमाने किल्ली फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.